दोन रात्रींच्या काचा

"पंचवीसशे अकरा आणि पंचवीसशे बारा. या दोन काचा काढून द्याल का जरा?" पडद्यावरची नजर न काढता नव्या मॅडम म्हणाल्या.

काचबाईंना आकडे सांगायची गरजच नव्हती. मॅडमच्या संगणकावर उघडलेला आकाशाचा तुकडा त्यांनी दारातूनच ओळखला होता. वेधशाळेच्या त्या तळघरात चोवीस हजार काचा होत्या आणि काळोखातसुद्धा हव्या त्या काचेवर नेमका हात ठेवणारी ही बाई. त्या दिवशी मात्र तिसऱ्या कपाटाचं दार धरून त्या थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. मॅडमना वाटलं, वय झालं, जिना उतरून दम लागला असेल.

वेधशाळेत पूर्वी दुर्बिणीला काच लावायचे. वहीच्या पानाएवढी काच, तिच्या एका अंगाला रसायनाचा थर. तासभर आकाशाकडे रोखून धरली आणि मग धुऊन काढली, की पांढऱ्या आकाशात काळे तारे उमटत. रात्री निरीक्षकाने काच घ्यायची, पहाटे पाकिटात घालून खाली ठेवायची आणि दिवसा काचबाईंनी ती उजेडाच्या टेबलावर ठेवून, भिंगाला डोळा लावून, एकेक ठिपक्याची जागा मोजायची. तारे एका रात्रीत जागचे हलत नाहीत. दोन रात्रींच्या मोजमापात एखादा ठिपका सरकलेला निघाला, तर तो बहुधा लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. पण त्यातला एखादा नवा, आपल्याला सापडलेला असावा, याचं छोट्या वेधशाळेला केवढं अप्रूप!

हे काम काचबाईंनी छत्तीस वर्षं केलं. त्यांचं खरं नाव आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. कुणी ते मोठ्याने वाचलं तर त्याच मागे वळून बघत, कोण नवीन आलंय म्हणून. आता काचा बंद झाल्या, सगळं यंत्रं करतात. जुन्या काचांचे फोटो संगणकात भरायचे होते, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना ठेवून घेतलं होतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून काच पुसायची आणि मॅडमच्या हातात द्यायची, एवढंच काम. घरी एक खोली, एक खिडकी, एक खुर्ची. भाऊ परदेशात, वर्षातून एकदा फोन करून तब्येत विचारायचा आणि उत्तर यायच्या आत बिल वाढतंय म्हणायचा. माणसाला अभिमानाला काहीतरी लागतंच. कुणाला मुलं असतात, कुणाला बंगला असतो. काचबाईंकडे एकही चूक नसलेल्या वह्या होत्या. "बाईंनी मोजलं ना? मग पुन्हा बघायला नको," असं जुने मोठे साहेब पाहुण्यांना सांगत, आणि काचबाई ते ऐकू न आल्यासारखं करून दिवसभर मनात घोळवत.

मॅडमनी दोन्ही काचा यंत्राखाली सरकवल्या आणि काय झालंय ते सांगितलं. गेल्या हिवाळ्यात दूरच्या एका वेधशाळेला एक दगड सापडला. त्यांनी त्याची कक्षा मांडली, मागे मागे नेत एकतीस वर्षांपूर्वीपर्यंत नेली, तर त्या वर्षी दोन रात्री तो नेमका आपल्या काचांवर असायला हवा. आणि आहेही. अगदी जिथे हवा तिथे. बरं, गंमत अशी की आपण तो तेव्हा कळवलाही होता, फक्त तारखा उलट्या. पहिल्या रात्रीची जागा दुसऱ्या रात्रीच्या नावावर आणि दुसरीची पहिलीच्या. त्यामुळे पुढे सगळे त्याला भलत्याच दिशेला शोधत बसले आणि तो हरवला तो हरवलाच.

"पाकिटांत काचा बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे निरीक्षकानेच कुठेतरी उलटं लिहिलं असणार. धांदरट होते का हो ते?"

"नाही," काचबाई म्हणाल्या.

मॅडमना त्या 'नाही'चं विशेष काही वाटलं नाही. त्या उत्साहात होत्या. लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक कार्यालयाला चुकीबद्दल खुलासा पाठवला, दुरुस्त मोजमाप दिलं, तर शोध आपल्या निरीक्षकाच्या नावावर लागेल आणि ग्रहाला नाव द्यायचा मानही त्यालाच मिळेल, असं त्या सांगत होत्या. खुलाशात लिहायचं, निरीक्षकाच्या नोंदीतली चूक. आहेत का ते हयात? काचबाई म्हणाल्या, असतील. असतील कसले, आहेतच. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे राहतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकतीस वर्षांत त्या गृहस्थाने चार घरं बदलली आणि चारही पत्ते काचबाईंना पाठ होते. गेल्या मात्र एकदाही नव्हत्या.

त्या गृहस्थाला वेधशाळेत सगळे घुबडराव म्हणत. रात्रभर जागायचं आणि दिवसा झोपायचं, त्यामुळे. माणूस अबोल. आपलं काम भलं, आपण भले. सकाळी नऊला काचबाई यायच्या तेव्हा ते घरी निघालेले असत. त्यामुळे अकरा वर्षं दोघांचं बोलणं चाललं ते चिठ्ठ्यांवर. काचेच्या पाकिटाला चिठ्ठी टाचलेली असायची: 'खालचा कोपरा जरा धुरकट आलाय, क्षमस्व.' काचबाई उलट टपाली लिहीत: 'चालेल. खोकल्याचं औषध घ्या, काल जिन्यापर्यंत ऐकू येत होता.' असल्या चिठ्ठ्यांत काय असतं, असं कुणी म्हणेल. खोटं कशाला बोला, काचबाई रोज त्या चिठ्ठीसाठीच बस पकडायच्या.

मग ती सकाळ आली. दोन पाकिटं एकत्र बांधलेली आणि वर चिठ्ठी: 'दोन्ही काचांत वरच्या बाजूला बघा. एक पाहुणा दिसतोय असं वाटतं. आज घरी जात नाही, चहाला थांबतो.'

मोजणीच्या खोलीचा नियम असा, की एका वेळी एकच काच बाहेर. ती मोजायची, पाकिटात घालायची, मगच दुसरीला हात लावायचा. कारण काच म्हणजे काच, दोन्हींवर तेच तारे. ओळख असते ती पाकिटावरच्या आकड्याची. काचेच्या कडेला शाईने आकडा असायचा, पण पुसताना तो स्पिरिटने निघून जायचा. म्हणून नियम. हा नियम काचबाईंनीच तीन नव्या मुलींना डोळे वटारून शिकवला होता. आणि त्या सकाळी त्यांनी दोन्ही काचा एकदम काढल्या, एकदम पुसल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि ठिपका सरकलेला बघून खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. मोजलं बरोबर. अगदी केसाइतकाही फरक नाही. फक्त काचांची पाकिटं बदलली होती, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. आयुष्यात एकदाच त्या इतक्या आनंदात होत्या, आणि चूकही आयुष्यात तेवढीच केली.

चहा जिन्याखालच्या बाकावर झाला. घुबडराव उजेडात डोळे बारीक करून बसले होते. काचबाईंनी सरकलेलं अंतर सांगितलं, त्यांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. जाताना म्हणाले, "हा एकदा पक्का होऊ दे, बाई. मग तुम्हाला एक विचारायचंय."

पक्का होण्यासाठी पुढच्या आणखी काही रात्रींच्या काचा हव्या होत्या. नेमके ढग आले, ते तीन आठवडे हटेनात. ढग सरले तेव्हा हिशेबाने तो जिथे असायला हवा तिथे घुबडरावांनी दुर्बीण लावली. काही नाही. आकाशाच्या त्या भागात लघुग्रह कधी पुढे सरकतो, कधी मागे, त्यामुळे दिशा उलटी आहे असा संशय कुणालाच आला नाही. चाळीस रात्री त्यांनी शोधलं. चाळीस सकाळी काचबाईंनी काचा मोजल्या. एकेचाळिसाव्या दिवशी मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काचेवरची धूळ शोधून काढलीत तुम्ही, अभिनंदन." हशा पिकला. काचबाईंच्या मोजणीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंनी मोजलं म्हणजे बरोबरच असणार, फोटोच खोटा. दुसऱ्या दिवसापासून घुबडरावांचे धूळराव झाले. माणूस आधीच अबोल, तो आणखी मिटला. चिठ्ठ्या थांबल्या. जे विचारायचं होतं ते राहून गेलं. दोन-तीन महिन्यांत बदली मागून ते हवामान खात्यात गेले, पारा किती चढला-उतरला ते लिहायला.

चूक काचबाईंना सापडली ती आठ महिन्यांनी, वार्षिक मोजदादीत. सहज म्हणून त्यांनी त्या दोन काचा काढल्या. पहिल्या रात्री दुर्बीण किंचित हलली होती, सगळे तारे लांबट उमटले होते, हे त्या रात्रीच्या शेऱ्यात लिहिलेलं होतं. आणि लांबट तारे होते दुसऱ्या रात्रीच्या पाकिटातल्या काचेवर. त्यांनी काय केलं असेल? काचा बदलून ज्या त्या पाकिटात घातल्या, कपाट बंद केलं आणि हात धुतले. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

त्याच आठवड्यात सूचनाफलकावर घुबडरावांच्या लग्नाची पत्रिका लागली होती. आता सांगून काय उपयोग, असं काचबाई स्वतःला सांगत राहिल्या. दगड तर केव्हाच निसटला होता. यात थोडं खरं होतं. पण थोडी भीतीही होती, आणि पत्रिका बघून आलेला रागही होता. आणि वह्या. एकदा हे बोललं की त्या वह्यांचं काय राहिलं? हाच विचार करत एकतीस वर्षं गेली.

मॅडमचं 'धांदरट' ऐकून त्या घरी आल्या आणि दिवा न लावता खुर्चीवर बसून राहिल्या. गप्प राहिलं तरी घुबडरावांना त्यांचा ग्रह मिळणारच होता. फक्त त्याच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं, की शोधणाऱ्यानेच तो हरवला. एकदा धूळराव, आता धांदरट. हे मात्र काचबाईंच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमच्या टेबलावर एक कागद ठेवला. सुवाच्य अक्षरात चार ओळी: काचांची अदलाबदल मोजणीच्या खोलीत झाली, मोजणीकाराकडून, निरीक्षकाच्या नोंदी निर्दोष आहेत. खाली सही, पूर्ण नावाची. मॅडमनी तो दोनदा वाचला. त्या मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, इतक्या जुन्या गोष्टीला आता नाव कशाला, 'हाताळणीतली चूक' एवढंच लिहू, कुणाची ते कोण विचारतंय? काचबाई म्हणाल्या, तो कागद आहे तसा जाऊ दे. आणि नाव देण्याचा अर्ज टपालाने नको, मी स्वतः नेते.

बसला दीड तास लागला. तीन जिने चढून त्यांनी घंटी वाजवली. दार सुनेने उघडलं. वेधशाळेतून आलेय म्हटल्यावर ती जरा चकित झाली, पण तिने आत घेतलं. बाबा गच्चीत बसलेत, म्हणाली. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या तेव्हापासून तिथेच बसतात. मग हळूच म्हणाली, "त्यांना ऐकू फार कमी येतं. मोठ्यानं बोला."

गच्चीत दोन खुर्च्या होत्या. घुबडराव खूप वाळले होते आणि हात थरथरत होते, पण उजेडात डोळे बारीक करायची सवय तशीच होती. त्यांनी काचबाईंना लगेच ओळखलं आणि "बाई," एवढंच म्हणाले.

इथे काचबाईंची पंचाईत झाली. बसमध्ये त्यांनी सगळं मनात जुळवून आणलं होतं, हळू आवाजात सांगायचं. एकतीस वर्षं जे स्वतःशीही पुटपुटल्या नव्हत्या, ते आता ओरडून सांगायचं होतं, आत स्वयंपाकघरात सून असताना. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घुबडरावांनी कानामागे हात धरला. दुसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला.

"तुमचा ग्रह सापडला. धूळ नव्हती ती. काचा मी बदलल्या होत्या. माझ्याकडून पाकिटं चुकली."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. घुबडरावांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, पुढे सरकत होता की मागे?

"मागे."

"आणि मी चाळीस रात्री पुढे शोधला," ते म्हणाले, आणि हसल्यासारखं केलं. मग काचबाईंकडे नीट बघून विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

'परवा' म्हणायला काही लागत नव्हतं. मॅडमच्या यंत्राने दाखवलं, मलाही धक्काच बसला, असं सांगितलं असतं तर कोण शहानिशा करणार होतं? काचबाईंच्या तोंडात तो शब्द आलाही होता.

"त्याच वर्षी," त्या म्हणाल्या. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "त्याच वर्षी कळलं. तुम्ही गेल्यावर. मी बोलले नाही."

घुबडरावांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं होतं. ते गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिले. काचबाईंना वाटलं, आता हे रागावतील, निघा म्हणतील. म्हणाले तर बरं होईल. पण रागावणं त्या माणसाला तरुणपणीही जमलं नव्हतं.

"शेवटी शेवटी मीसुद्धा म्हणायला लागलो होतो," ते म्हणाले, "धूळच असेल."

काचबाई रडल्या नाहीत; रडणं म्हणजे समजूत काढा म्हणून सांगणं, आणि तेवढा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं. सुनेने चहा आणून ठेवला, दोघांकडे न बघता आत गेली. चहावर साय धरली तरी कुणी उचलला नाही.

मग घुबडरावांनीच विचारलं, कसा आहे तो? काचबाईंनी पिशवीतून कागद काढले आणि मोठ्याने सांगत गेल्या. फार मोठा नाही, सात किलोमीटरचा. कोळशासारखा काळा, म्हणून इतका अंधूक. नऊ तासांत स्वतःभोवती फिरतो. सूर्याभोवती जायला साडेचार वर्षं. तुम्ही पाहिलात तेव्हापासून सातवी फेरी संपत आलीय. घुबडराव प्रत्येक आकड्याला मान हलवत होते. साडेचार वर्षांशी त्यांनी थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद बघून काचबाईंनी मान खाली घातली.

अर्ज साधा होता. वर ग्रहाचा क्रमांक, खाली सुचवलेलं नाव, त्याखाली कारण, दोन-तीन वाक्यांत. नाव सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, राजकारण्यांचं नको, जाहिरात नको. काचबाईंनी नियम वाचून दाखवले. घुबडरावांनी पेन हातात घेतलं, पण हात इतका थरथरला की त्यांनी ते परत दिलं. "तुम्हीच लिहा. अक्षर तुमचं चांगलं."

त्यांनी नाव सांगितलं. बायकोचं. एकतीस वर्षांपूर्वी सूचनाफलकावरच्या पत्रिकेत काचबाईंनी ते एकदाच वाचलं होतं, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ते चौकोनांत एकेक अक्षर करून लिहिलं आणि बोटांवर मोजलं.

"चांगलं आहे ना?" घुबडरावांनी विचारलं.

"चांगलं आहे," काचबाई म्हणाल्या. "सोळात बसतं."

"आता कारण लिहा." त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द सुटा करून, कागदावर मावेल अशा बेताने सांगायला लागले. "शोधकाची पत्नी. तिला आकाशातलं काही कळत नव्हतं. परंतु शोधकाने घेतलेली काच खरी आहे, असं म्हणणारी..." ते थांबले. काचबाईंचं पेन टेकलेलं होतं. "असं म्हणणारी सगळ्या जगात ती एकटीच होती."

काचबाई 'जगात'पर्यंत आल्या आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. घुबडरावांचे डोळे अजून मिटलेलेच होते; हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं की नुसतंच जे होतं ते सांगितलं, त्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"झालं लिहून?"

"होतंय," असं म्हणून काचबाईंनी राहिलेले तीन शब्द लिहिले आणि पुढे पूर्णविराम दिला. मग त्यांना नीट ऐकू जावं म्हणून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटच्या शब्दापर्यंत.